इलेक्ट्रिक सायकलच्या बॅटरीसाठी योग्य चार्जर कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इलेक्ट्रिक सायकल घेताना मोटर, बॅटरी आणि ब्रेक यांची चौकशी सगळेच करतात. चार्जरचा प्रश्न मात्र सोबत आलेला चार्जर हरवला, जळला किंवा उंदराने त्याची तार कुरतडली की मगच उभा राहतो, आणि तेव्हा घाईघाईत जो मिळेल तो आणला जातो. बॅटरी हा सायकलचा सर्वांत महाग भाग असतो आणि चुकीचा चार्जर तिचे नुकसान बाहेरून काहीही न दाखवता करत राहतो. म्हणून नागपुरातील सायकलस्वारांकडून वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत.

माझ्या बॅटरीवर ‘४८ व्होल्ट’ लिहिले आहे आणि दुकानातल्या चार्जरवरही ‘४८ व्होल्ट’ लिहिले आहे. एवढे जुळणे पुरेसे नाही का?

पुरेसे नाही, आणि सर्वाधिक बॅटऱ्या याच समजुतीमुळे खराब होतात. बॅटरीवरचा ४८ हा आकडा नाममात्र असतो. बॅटरी निम्मी-अर्धी भरलेली असताना तिचा दाब, म्हणजे व्होल्टेज, साधारण तेवढा असतो, इतकाच त्याचा अर्थ. चार्जर निवडताना पाहायचा आकडा वेगळा आहे: बॅटरी पूर्ण भरते तेव्हा तिचा दाब किती असतो, तो. चार्जरच्या मागच्या लेबलवर ‘आउटपुट’ या शब्दापुढे हाच आकडा छापलेला असतो.

सायकलींमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या लिथियम आयन बॅटरीत प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टवर येतो. ३६ व्होल्टच्या पॅकमध्ये असे १० सेल एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणून त्याचा चार्जर ४२ व्होल्टचा लागतो. ४८ व्होल्टच्या पॅकमध्ये १३ सेल असतात, म्हणून ५४.६ व्होल्ट. २४ व्होल्टच्या पॅकमध्ये ७ सेल आणि २९.४ व्होल्ट, तर ५२ व्होल्ट म्हणून विकल्या जाणाऱ्या पॅकमध्ये १४ सेल आणि ५८.८ व्होल्ट. हे आकडे दशांशासकट महत्त्वाचे आहेत. ‘४२ काय आणि ४४ काय, दोनच व्होल्टचा फरक’ असे म्हणणाऱ्या दुकानदाराकडून चार्जर घेऊ नये.

आमच्या भागात ई-रिक्षाचे ४८ व्होल्टचे चार्जर सहज आणि स्वस्तात मिळतात. ते सायकलला चालतील का?

मुळीच नाही. ई-रिक्षात बहुधा १२ व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात, आणि त्यांच्या चार्जरचा दाब भरण्याच्या शेवटच्या टप्प्यात ५८ ते ५९ व्होल्टपर्यंत जातो. तोच दाब १३ सेलच्या लिथियम पॅकला दिला, तर प्रत्येक सेलच्या वाट्याला साडेचार व्होल्ट येतात. लिथियम आयन सेलची मर्यादा ४.२ व्होल्ट असल्यामुळे हे सरळसरळ अतिचार्जिंग झाले. त्यातून सेल तापतो, फुगतो आणि प्रसंगी पेट घेतो. शिवाय ई-रिक्षाच्या चार्जरचा प्रवाह सायकलच्या पॅकला झेपेल त्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

जुन्या, कमी वेगाच्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या चार्जरलाही हेच लागू आहे. तो आकाराने सायकलच्या चार्जरसारखाच दिसतो आणि त्याचा प्रवाहही दोन-तीन अँपिअरच असतो, त्यामुळे फसगत होण्याची शक्यता उलट जास्त. लेड-ॲसिडच्या चार्जरमध्ये बॅटरी भरल्यानंतरही थोडाथोडा प्रवाह सतत देत राहण्याची सोय असते. लेड-ॲसिडला त्याची गरज असते, पण लिथियम बॅटरी भरली की तिचा प्रवाह थांबलाच पाहिजे. घरात दोन्ही प्रकारची वाहने असतील, तर दोन्ही चार्जरवर ठळक अक्षरांत वाहनाचे नाव लिहून ठेवावे, कारण सकाळच्या घाईत चार्जर उचलणारी व्यक्ती दर वेळी आपणच असू असे नाही.

पण बॅटरीत बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारे संरक्षक सर्किट) असते ना? जास्त दाब आला तर ती चार्जिंग बंद करणार नाही का?

चांगली बीएमएस बंद करते. मात्र ती सेलचा दाब साधारण ४.२५ व्होल्टच्या पुढे गेल्यावरच हस्तक्षेप करते, म्हणजे सेलची मर्यादा ओलांडल्यानंतर. गच्चीवरच्या टाकीत पाणी बॉल कॉकने थांबायचे असते. ओव्हरफ्लोची नळी ही बॉल कॉक बिघडला तर घरात पाणी शिरू नये म्हणून असते, रोज टाकी भरण्यासाठी नव्हे. बीएमएस ही तशी ओव्हरफ्लोची नळी आहे. चुकीचा चार्जर लावणारा माणूस रोज त्या एका शेवटच्या संरक्षणावर भिस्त ठेवतो. त्यातला छोटा मॉस्फेट (प्रवाह तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बंद होण्याऐवजी शॉर्ट होऊन बसला, तर ते बाहेरून कळण्याचा मार्ग नसतो. स्वस्तात जोडून मिळणाऱ्या पॅकमध्ये बीएमएस कोणत्या प्रतीची आहे, हे तर पॅक उघडल्याखेरीज समजतच नाही.

बॅटरी ‘एलएफपी’ प्रकारची आहे असे सांगितले गेले. तिचा चार्जर वेगळा असतो का?

होय. एलएफपी, म्हणजे लिथियम फेरो फॉस्फेट, या प्रकारात प्रत्येक सेल ३.६५ व्होल्टवर भरतो. १२ सेलच्या पॅकला ४३.८ व्होल्ट आणि १६ सेलच्या पॅकला ५८.४ व्होल्टचा चार्जर लागतो. येथे दोन धोके आहेत. ३६ व्होल्टच्या एलएफपी पॅकचा ४३.८ व्होल्टचा चार्जर ३६ व्होल्टच्या साध्या लिथियम आयन पॅकला लावला, तर प्रत्येक सेलला ४.३८ व्होल्ट मिळतात, आणि दोन्ही वस्तूंवर मात्र ‘३६ व्होल्ट लिथियम’ असेच लिहिलेले असू शकते.

दुसरा धोका मोजमापातला आहे. लेबल निघून गेलेला पॅक ओळखण्यासाठी काही जण तो पूर्ण भरून त्याचा दाब मोजतात. एलएफपी सेलचा दाब चार्जर काढल्यानंतर लवकरच ३.३५ व्होल्टच्या आसपास उतरतो. त्यामुळे १६ सेलचा भरलेला एलएफपी पॅक मीटरवर ५३.६ व्होल्टच्या जवळपास दिसतो आणि १३ सेलचा साधा लिथियम आयन पॅकही जवळजवळ भरलेला असताना तेवढाच दाखवतो. म्हणजे नुसत्या मीटरवरून निदान करणे धोक्याचे आहे. पॅक ज्याने जोडला त्याच्याकडून सेलचा प्रकार आणि संख्या लिहून घ्यावी. ते शक्य नसेल, तर जाणकाराकडून पॅक उघडून सेल मोजून घ्यावेत आणि तोवर चार्जिंग थांबवावे.

चार्जर किती अँपिअरचा घ्यावा?

व्होल्टच्या बाबतीत आकडा तंतोतंत जुळवावा लागतो. अँपिअरच्या बाबतीत मात्र निवडीला थोडी मोकळीक असते. १० अँपिअर-तासाच्या बॅटरीला २ अँपिअरचा चार्जर पाच तासांत बहुतेक भरतो. शेवटच्या टप्प्यात दाब स्थिर राहून प्रवाह हळूहळू कमी होत जातो, म्हणून आणखी अर्धा-एक तास धरावा. ३ अँपिअरचा चार्जर हेच काम साधारण चार तासांत करतो.

वरची मर्यादा बॅटरीच्या लेबलवर किंवा पुस्तिकेत ‘कमाल चार्जिंग प्रवाह’ म्हणून दिलेली असते आणि ती ओलांडता येत नाही. ती मर्यादा सापडत नसेल, तर बॅटरीच्या अँपिअर-तासाच्या एक पंचमांश ते फार तर एक तृतीयांश एवढा प्रवाह घ्यावा. सायकलच्या सेलना याच्या जवळपास दीडपट प्रवाह अनेकदा चालतो. तरी नागपूरसारख्या गावात कमी प्रवाहाकडे झुकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सेलच्या अंतर्गत रोधामुळे निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट केला तर दर मिनिटाची उष्णता चौपट होते. वेळ निम्मा लागतो हे धरले तरी एकूण उष्णता दुप्पट राहते. डिसेंबरात हा फरक जाणवणार नाही, मे महिन्यात जाणवेल.

मग नागपूरच्या उन्हाळ्यात चार्जिंग केव्हा आणि कसे करावे?

बहुतेक लिथियम आयन सेलचे उत्पादक चार्जिंगसाठी ० ते ४५ अंश सेल्सिअस ही मर्यादा देतात. सायकल चालवण्यासाठीची मर्यादा सहसा ६० अंशांपर्यंत असते, आणि त्यामुळेच गैरसमज होतो: दुपारी सायकल चालते आहे, म्हणजे दुपारी ती चार्जही करता येईल, असे लोकांना वाटते. नवतपाच्या दिवसांत येथे सावलीतला पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. उन्हात उभ्या असलेल्या सायकलच्या काळ्या बॅटरीचे, किंवा टिनाच्या शेडखालच्या हवेचे तापमान त्याहून खूपच जास्त असते. अशा बॅटरीला लगेच चार्जर लावणे म्हणजे मर्यादेबाहेर चार्जिंग करणे होय. समंजस बीएमएस तापमान पाहून चार्जिंग नाकारते आणि मग ‘चार्जर बिघडला’ म्हणून नवा चार्जर आणला जातो, जो तितकाच ‘बिघडलेला’ निघतो.

बॅटरी काढता येत असेल, तर ती घरात आणून सावलीत ठेवावी आणि हाताला गार लागेपर्यंत तास-दोन तास थांबावे. उन्हाळ्यात चार्जिंगची सर्वांत चांगली वेळ पहाटेची. पाचला उठून चार्जर लावला, तर ऑफिसला निघेपर्यंत पुष्कळ काम होते आणि आपण जागेही असतो. ज्यांना पहाट जमत नाही त्यांनी रात्री जेवणानंतर चार्जर लावावा आणि झोपण्यापूर्वी काढावा. रात्रभर, सगळे झोपलेले असताना चार्जिंग चालू ठेवू नये.

कूलरविषयी एक सूचना. खोलीत कूलर चालू असेल तर हवा गार असते, ते बॅटरीला चांगलेच आहे. पण वाळ्याच्या ताट्यांमधून येणाऱ्या झोतात बारीक तुषार असतात, आणि चार्जरच्या जाळीतून ते आत गेले की काही आठवड्यांत सर्किटवर गंज दिसू लागतो. चार्जर कूलरच्या झोतापासून दूर, खोलीच्या दुसऱ्या बाजूला, लाकडी स्टुलावर किंवा फरशीवर ठेवावा. गादी, उशी किंवा पांघरूण यांवर ठेवू नये.

चार्जर खूप गरम होतो. हे साधारण आहे का?

हात ठेवता येईल इतपत गरम होणे साधारण आहे. हात ठेवताच मागे घ्यावा लागत असेल, प्लास्टिकचा वास येत असेल किंवा पिनपाशी तार मऊ पडत असेल, तर चार्जर तत्काळ बंद करावा. अनेक चार्जर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि आतील इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश वाढीमागे साधारण निम्मे होते. तेव्हा पंखा असलेला चार्जर निवडावा की बंद पेटीचा? पंख्याचा चार्जर थंड राहतो, पण रस्त्यालगतच्या घरांत धूळ ओढून घेतो, आणि पंखा अडकला की बंद पेटीपेक्षाही लवकर तापतो. २ अँपिअरपर्यंत बंद पेटीचा धातूचा चार्जर घ्यावा. त्यापुढे पंख्याचा घेऊन तो दर दोन-तीन महिन्यांनी ब्रशने साफ करावा.

पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असे समजावे का?

असे कधीही समजू नये. सायकलींमध्ये गोल डीसी पिन सर्वाधिक असते. तिचा बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर आणि आतल्या छिद्राचा व्यास २.१ किंवा २.५ मिलिमीटर असतो. २.१ ची पिन २.५ च्या सॉकेटमध्ये जात नाही, पण २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटमध्ये सैल बसते, ठिणग्या उडतात आणि सॉकेट जळते. याशिवाय तीन काड्यांची एक्सएलआर पिन आणि पिवळी एक्सटी-६० पिनही आढळते. एकाच आकाराची पिन निरनिराळ्या व्होल्टच्या चार्जरला असते आणि धन-ऋण टोकेही उत्पादकागणिक बदलतात. गोल पिनमध्ये बहुधा मधले टोक धन असते. एक्सएलआरमध्ये असा भरवसा धरता येत नाही. बॉश किंवा शिमानोच्या प्रणाली असलेल्या सायकलींना त्यांचाच चार्जर लागतो.

पिन जुळवण्यासाठी मध्ये जोडणारी छोटी ॲडॅप्टर-तार लावू नये. ती घरात आली की घरातला प्रत्येक चार्जर प्रत्येक बॅटरीला बसू लागतो.

नवा चार्जर बॅटरीला लावण्यापूर्वी घरी तपासता येतो का?

येतो, आणि प्रत्येकाने तपासावा. सीताबर्डीच्या कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात साधा डिजिटल मल्टिमीटर मिळतो. त्याचा खटका डीसी २०० व्होल्टवर ठेवावा. चार्जर बॅटरीला न जोडता फक्त भिंतीच्या सॉकेटला लावावा. लाल तारेचे टोक गोल पिनच्या मधल्या छिद्रात आणि काळ्या तारेचे टोक पिनच्या बाहेरच्या धातूला लावावे, आणि दोन्ही टोके एकमेकांना लागणार नाहीत याची काळजी घ्यावी. लागली तर ठिणगी उडून चार्जरचा फ्यूज जाऊ शकतो. लाल तारेच्या टोकावर थोडी चिकटपट्टी गुंडाळून केवळ अग्र उघडे ठेवले, तर हात हलला तरी बाधत नाही.

५४.६ व्होल्टच्या चार्जरवर मीटरने ५४.४ ते ५४.८ च्या दरम्यान आकडा दाखवला तर ठीक. ५५ च्या पुढे गेला तर चार्जर परत करावा. आकड्यापुढे उणे चिन्ह आले, तर टोके उलट आहेत. बॅटरीच्या सॉकेटमध्ये कोणते टोक धन आहे ते त्याच पद्धतीने मोजून मग निर्णय घ्यावा. काही चार्जर बॅटरी जोडल्याखेरीज दाब देतच नाहीत. अशा चार्जरवर शून्य दिसणे हा दोष नव्हे. असा चार्जर शक्यतो सायकलच्या उत्पादकाकडूनच घ्यावा, कारण तो घरी तपासता येत नाही.

कमी व्होल्टचा चार्जर लावला तर?

धोका नाही, उपयोगही फारसा नाही. ४२ व्होल्टचा चार्जर १३ सेलच्या पॅकला लावला, तर प्रत्येक सेलच्या वाट्याला सव्वातीन व्होल्टही येत नाहीत आणि बॅटरी जवळपास रिकामीच राहते. ५४.६ चा चार्जर १४ सेलच्या पॅकला लावला, तर सेल ३.९ व्होल्टपर्यंत भरतो. गावातल्या गावात फिरण्यास ते पुरते, मात्र सेलमधील तफावत समान करण्याचे काम अनेक बीएमएस बॅटरी पूर्ण भरत आल्यावरच करतात, ते कधीच होत नाही.

बॅटरी ८० ते ९० टक्क्यांवर थांबवणारा चार्जर घेणे योग्य आहे का?

रोजचा प्रवास ठरावीक आणि लहान असेल, तर निश्चित योग्य आहे. सेल ४.२ ऐवजी ४.१ व्होल्टवर थांबवला, तर बॅटरी अधिक वर्षे टिकते. १३ सेलच्या पॅकसाठी तो दाब ५३.३ व्होल्ट होतो. धंतोलीहून सदरला जाऊन परत येणाऱ्याला पूर्ण बॅटरीची गरज सहसा नसते. महिन्यातून एकदा मात्र ती पूर्ण भरावी, म्हणजे सेलमधील तफावत निघेल. दाब बदलता येणारा चार्जर घेतल्यास त्याचे बटण आतल्या बाजूला किंवा झाकणाखाली असावे. चार्जरच्या बाहेर मोकळा फिरणारा खटका असेल, तर तो नकळत फिरण्याची शक्यता असते.

सायकल महिना-दोन महिने वापरायची नसेल, तर बॅटरी निम्मी भरून थंड जागी ठेवावी.

चार्जर लावताच हिरवा दिवा लागतो, पण बॅटरी भरत नाही. चार्जर बदलावा का?

आधी चार्जर मल्टिमीटरवर तपासावा. दाब बरोबर असेल, तर दोष बहुधा बॅटरीच्या सॉकेटमध्ये, फ्यूजमध्ये किंवा बीएमएसमध्ये असतो. हिरवा दिवा म्हणजे ‘प्रवाह वाहत नाही’ एवढेच. बॅटरी भरली आहे की तार तुटली आहे, हे त्या दिव्याला कळत नाही. बॅटरी फार काळ पडून राहून सेल अडीच व्होल्टच्या खाली गेले असतील, तर ती जास्त ताकदीच्या चार्जरने ‘उठवण्याचा’ प्रयत्न करू नये. असे प्रयोग काही दुकानांत सर्रास होतात आणि ते घातक आहेत.

घरच्या इन्व्हर्टरवर चार्जिंग चालेल का?

५४.६ व्होल्ट आणि २ अँपिअरचा चार्जर बॅटरीला सुमारे ११० वॅट देतो आणि भिंतीतून साधारण १२५ वॅट घेतो. शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टरला हा भार सहज झेपतो, पण काही तासांत त्याची बॅटरी उतरते. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चार्जर अधिक तापतो, म्हणून तेथे टाळावे. जूनच्या सुरुवातीला वादळी पावसात वीज येत-जात असेल किंवा दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त होत असेल, तर चार्जर सॉकेटमधून काढून ठेवावा. महावितरणचा पुरवठा स्थिर झाल्यावर पुन्हा लावावा.

गाड्यांच्या सार्वजनिक चार्जिंग स्टेशनवर सायकल चार्ज होते का?

मोटारींच्या जलद डीसी चार्जरवर होत नाही. तेथे साधे तीन पिनांचे सॉकेट उपलब्ध असेल, तर स्वतःचा चार्जर लावता येतो.

फ्लॅटमध्ये चार्जिंगची जागा कोणती असावी?

बाहेर पडण्याच्या एकमेव दारापाशी, जिन्याखाली किंवा जिन्याच्या वाटेवर चार्जिंग करू नये, कारण काही घडलेच तर तीच सुटकेची वाट असते. एक्स्टेंशन बोर्डावर कूलर आणि चार्जर एकत्र लावू नयेत. बॅटरी फुगलेली दिसली किंवा तिला गोडसर, रासायनिक वास आला, तर तिला कोणताही चार्जर लावू नये. धूर निघू लागला तर सुरक्षितपणे शक्य असल्यास मेन स्विच बंद करावा, सर्वांना बाहेर काढावे आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा. जळती बॅटरी हातात उचलून बाहेर नेण्याचा प्रयत्न करू नये.

जुना चार्जर दुरुस्त करून घ्यावा का?

तुटलेली तार, सैल पिन किंवा फुगलेला कॅपॅसिटर एवढाच दोष असेल, तर अवश्य करावा. हे काम शहरातले कुशल कारागीर उत्तम करतात. दुरुस्तीनंतर मात्र दुकानातच, आपल्या डोळ्यांसमोर, पिनवरचा दाब मोजून दाखवण्याची विनंती करावी. आतील छोटे फिरते प्रिसेट (दाब ठरवणारा बारीक स्क्रू) दुरुस्तीत थोडे जरी सरकले, तरी आउटपुट एक-दोन व्होल्टने बदलते, आणि दिवे पूर्वीसारखेच लाल-हिरवे होत राहतात. ट्रान्सफॉर्मर जळला असेल किंवा सर्किट बोर्ड काळा पडला असेल, तर दुरुस्तीचा आग्रह सोडून द्यावा. असा चार्जर भंगारात देण्याऐवजी ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावा, आणि देण्यापूर्वी त्याची आउटपुटची तार कापून टाकावी, म्हणजे तो पुन्हा कोणाच्या बॅटरीला लागणार नाही.